मोठ्या संख्येचे गुणधर्म काढताना चुकतं कुठे? एकच संख्या घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत

एखादी आठ-दहा अंकी संख्या देऊन कोणी विचारलं की हिचे विभाजक किती, त्यांची बेरीज किती, हिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) लहान संख्या किती, ही दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, तर बहुतेक जण थेट सूत्रावर उडी मारतात. सूत्र बरोबर असतं, गुणाकार बरोबर असतो आणि तरी उत्तर साफ चुकतं. कारण चूक सूत्राच्या आधीच होऊन गेलेली असते, अवयव पाडताना, आणि ती अशी बेमालूम असते की पडताळा घेतला तरी सापडत नाही. शेवटी उरलेला तुकडा "मूळ दिसतोय" म्हणून मूळ धरून टाकलेला असतो. तीच चूक मी इतक्यांदा बघितलीय की आता सगळं क्रमाने, एकच संख्या धरून लिहून काढतोय.

आपली संख्या: ५६५६३४१६, म्हणजे पाच कोटी पासष्ट लाख त्रेसष्ट हजार चारशे सोळा. घातांक मी ^ या चिन्हाने लिहितोय, २^३ म्हणजे दोनचा घन.

## टप्पा १: तयारी

तीन गोष्टी समोर ठेवा. एक, १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्यांची लिस्ट, कागदावर लिहिलेली, आठवणीतली नाही (आठवणीतून लिहिताना ९१ मूळ म्हणून घुसते, ती ७ × १३ आहे, आणि ५७ सुद्धा घुसते, ती ३ × १९). दोन, एक उभा तक्ता: डावीकडे भाजक, उजवीकडे भागाकार. तीन, संख्या ठेवायची योग्य जागा.

ही तिसरी गोष्ट लोक सोडून देतात. आठ अंकांना कुठलंही साधन चालतं, पण संख्या मोठी झाली की एक्सेल १५ अंकांनंतरचे सगळे अंक गुपचूप शून्य करून टाकतं, एरर वगैरे काही दाखवत नाही, आणि तुम्ही मग भलत्याच संख्येचे अवयव पाडत बसता. प्रोग्रॅमिंगमध्येही दशांश (फ्लोट) प्रकारात ठेवली की तेच होतं, ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या तिथे ठेवली तर शेवटचा ३ जाऊन २ येतो, म्हणजे विषम संख्या सम होऊन बसते! म्हणून १५ अंकांच्या पुढची संख्या मजकूर म्हणून ठेवा आणि गणित पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पूर्णांकात किंवा पारी-जीपीसारख्या, खास संख्यांच्या गणितासाठी असलेल्या टूलमध्ये करा. पायथनमध्येही भागाकाराला एक तिरकी रेघ दिली तर उत्तर दशांशात येतं, दोन तिरक्या रेघा द्यायच्या.

तपासा: संख्या टाकल्यावर शेवटचे तीन अंक आणि एकूण अंकांची संख्या मूळ प्रश्नाशी ताडून बघा. दहा सेकंदांचं काम आहे, पण पुढचा तास वाचतो.

## टप्पा २: संख्येचा ठसा घ्या

भाग द्यायला सुरुवात करायच्या आधी ९ ने आणि ११ ने भागल्यावर उरणारी बाकी लिहून ठेवा. हा त्या संख्येचा ठसा, शेवटी पडताळ्याला लागतो.

९ साठी अंकांची बेरीज: ५+६+५+६+३+४+१+६ = ३६, म्हणजे बाकी ०. ११ साठी उजवीकडून एक आड एक अधिक-वजा: ६−१+४−३+६−५+६−५ = ८, म्हणजे बाकी ८.

दोन्ही कशाला? कारण लिहिताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे शेजारचे दोन अंक उलटे पडणं, आणि ती ९ च्या कसोटीला दिसतच नाही. समजा कोणी ५६५३६४१६ असं उतरवलं. अंकांची बेरीज तीच, ३६. पण ११ ची बाकी ८ ऐवजी २ येते आणि चूक जागच्या जागी पकडली जाते. नुसत्या अंकांच्या बेरजेवर विसंबून राहू नका.

## टप्पा ३: लहान मूळ संख्यांची चाळणी

आता २, ३, ५, ७, ११, १३ यातल्या कोणकोण भाग घालतात ते एकदम बघायचं.

७, ११ आणि १३ साठी फार सोपी युक्ती आहे, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि एक आड एक अधिक-वजा करायचे. आपल्याकडे गट पडतात ५६, ५६३, ४१६. म्हणून ४१६ − ५६३ + ५६ = −९१. आणि ९१ = ७ × १३. म्हणजे एका ओळीत कळलं की ७ ने जातो, १३ ने जातो, ११ ने जात नाही.

सावधान: आपल्याला लाख-कोटीच्या स्वल्पविरामांची सवय असते, ५,६५,६३,४१६ असं लिहिलेलं असतं, आणि घाईत तेच गट उचलले जातात. करून बघा: ४१६ − ६३ + ६५ − ५ = ४१३, आणि ४१३ = ७ × ५९. म्हणजे ७ ने जातो हे योगायोगाने बरोबर आलं, पण १३ ने जात नाही असं साफ चुकीचं उत्तर मिळालं. अर्धं बरोबर येतं म्हणून शंकाही येत नाही. या युक्तीपुरते स्वल्पविराम पुसून टाका आणि काटेकोर तीन-तीनचे गट पाडा.

दुसरी पद्धत मला जास्त आवडते कारण ती कितीही मोठ्या संख्येला चालते. पहिल्या सहा मूळ संख्यांचा गुणाकार ३००३० आहे. आपल्या संख्येचा आणि ३००३० चा मसावि काढायचा, युक्लिडच्या पद्धतीने, म्हणजे मोठीला लहानने भागा, बाकी घ्या, आता लहानला बाकीने भागा, असं शून्य बाकी येईपर्यंत:

५६५६३४१६ ÷ ३००३०, बाकी १६९२६
३००३० ÷ १६९२६, बाकी १३१०४
१६९२६ ÷ १३१०४, बाकी ३८२२
१३१०४ ÷ ३८२२, बाकी १६३८
३८२२ ÷ १६३८, बाकी ५४६
१६३८ ÷ ५४६, बाकी ०

मसावि ५४६ = २ × ३ × ७ × १३. सहा भागाकारांत सहाच्या सहा मूळ संख्यांचा निकाल लागला, ५ आणि ११ बाद. मसावि काढायला अवयव पाडावे लागत नाहीत हे डोक्यात पक्कं बसवा, शाळेत अवयव पाडूनच मसावि शिकवतात म्हणून लोक मोठ्या संख्येलाही तेच करायला जातात आणि अडकतात.

मात्र ही चाळणी "भाग जातो का" एवढंच सांगते, "किती वेळा जातो" ते सांगत नाही. ते पुढच्या टप्प्यात.

## टप्पा ४: भाग द्या, आणि प्रत्येक वेळी संख्या लहान करा

नियम एकच: एका मूळ संख्येने भाग जाणं थांबेपर्यंत तिलाच धरून ठेवायचं आणि मगच पुढच्या संख्येकडे जायचं. आणि पुढचा भाग नेहमी नव्या भागाकाराला द्यायचा, सुरुवातीच्या संख्येकडे परत जायचं नाही.

५६५६३४१६ ÷ २ = २८२८१७०८
२८२८१७०८ ÷ २ = १४१४०८५४
१४१४०८५४ ÷ २ = ७०७०४२७ (विषम, २ संपला)
७०७०४२७ ÷ ३ = २३५६८०९
२३५६८०९ ÷ ३ = ७८५६०३ (अंकांची बेरीज २९, ३ संपला)
७८५६०३ ÷ ७ = ११२२२९ (परत ७ ने भागलं तर बाकी ५)
११२२२९ ÷ १३ = ८६३३ (परत १३ ने भागलं तर बाकी १)

इथे एक सापळा मुद्दाम दाखवतो. ७०७०४२७ ची अंकांची बेरीज २७ आहे. "बेरीज २७, म्हणजे २७ ने भाग जाणार" असं म्हणून थेट ३^३ लिहिणारे खूप जण असतात. ७०७०४२७ ला २७ ने भागून बघा, बाकी १८ राहते. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच चालते, २७ ला ती लागू नाही, कारण १० ला २७ ने भागल्यावर बाकी १ येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी भाग देऊन नव्या भागाकाराची बेरीज घ्यायची, उडी मारायची नाही.

दोनच्या बाबतीत मात्र उडी चालते. शेवटचे तीन अंक ४१६ यांना ८ ने भाग जातो, शेवटचे चार अंक ३४१६ यांना १६ ने जात नाही, झालं, २^३.

आत्तापर्यंत: २^३ × ३^२ × ७ × १३ × ८६३३.

## टप्पा ५: उरलेला तुकडा (सगळ्या चुका इथे होतात)

८६३३. सम नाही, अंकांची बेरीज २०, शेवटी ३, दिसायला अगदी मूळ. इथे थांबायचा मोह सगळ्यांना होतो, काही जण १७, १९, २३ बघतात, काही ५० पर्यंत जातात आणि मग "मूळच आहे" म्हणून सोडून देतात.

कुठपर्यंत जायचं ते आपण ठरवायचं नसतं, ते वर्गमूळ ठरवतं. ८६३३ चं वर्गमूळ ९२.९ च्या आसपास आहे. म्हणून ९२ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या बघाव्याच लागतात, शेवटची ८९. त्याच्या पुढे जायची गरज नाही, कारण दोन्ही अवयव ९२.९ पेक्षा मोठे असतील तर गुणाकार ८६३३ च्या वर जाईल.

आणि हे वर्गमूळ *उरलेल्या* तुकड्याचं घ्यायचं, सुरुवातीच्या संख्येचं नाही. ५६५६३४१६ चं वर्गमूळ ७५२० च्या वर आहे, आणि तिथपर्यंत साडेनऊशेच्या आसपास मूळ संख्या आहेत. तुकड्याचं घेतलं तर एकूण २४ च, त्यातल्याही पहिल्या सहा आपण आधीच तपासल्यात. उलटीकडून होणारी चूकही आहे: काही जण भाग देत देत संख्या लहान करतात पण मर्यादा जुनीच ठेवतात, आणि मग हजारो भागाकारांच्या भीतीने मध्येच सोडून देतात. प्रत्येक यशस्वी भागानंतर वर्गमूळ नव्याने काढा.

आता क्रमाने बाक्या लिहायच्या: १७ ला १४, १९ ला ७, २३ ला ८, २९ ला २०, ३१ ला १५, ३७ ला १२, ४१ ला २३, ४३ ला ३३, ४७ ला ३२, ५३ ला ४७, ५९ ला १९, ६१ ला ३२, ६७ ला ५७, ७१ ला ४२, ७३ ला १९, ७९ ला २२, ८३ ला १. आणि ८९ ला शून्य!

८६३३ = ८९ × ९७.

अगदी शेवटच्या मूळ संख्येला फुटला. ८३ पर्यंत येऊन कोणी कंटाळून सोडलं असतं तरी उत्तर चुकलंच असतं. बाक्या लिहून ठेवा असं म्हणतोय त्याचं कारण हे की मध्येच उठलात तर कुठपर्यंत आलो होतो ते कळतं, "बहुतेक ६१ केला होता" हे चालत नाही.

### लांब रस्ता धरण्याआधी दोन मिनिटांची युक्ती

उरलेला तुकडा वर्गमूळाच्या जवळच्या दोन संख्यांचा गुणाकार असेल तर तो लगेच फुटतो. वर्गमूळाच्या वरचा पहिला पूर्णांक घ्या: ९३. त्याचा वर्ग ८६४९. त्यातून ८६३३ वजा करा: १६. हा पूर्ण वर्ग आहे, ४^२. म्हणून ८६३३ = ९३^२ − ४^२ = (९३ − ४) × (९३ + ४) = ८९ × ९७. एका वजाबाकीत!

पहिल्या फटक्यात वर्ग नाही आला तर ९४, ९५ असं तीन-चार वेळा करून बघा. त्यापेक्षा जास्त रेटू नका, अवयव एकमेकांपासून लांब असतील तर ही पद्धत भागाकारापेक्षाही हळू चालते. आणि चार वेळा वर्ग नाही आला म्हणून तुकडा मूळ ठरत नाही, हे परत सांगतो.

## टप्पा ६: पडताळा, दोन वेगवेगळे

पहिला पडताळा गुणाकाराचा. २^३ × ३^२ = ७२, ७ × १३ = ९१, ७२ × ९१ = ६५५२, आणि ६५५२ × ८६३३ = ५६५६३४१६. ठशाशीही जुळवा: ६५५२ ला ११ ने भागल्यावर बाकी ७, ८६३३ ला बाकी ९, ७ × ९ = ६३, त्याची बाकी ८. टप्पा २ मध्ये ८ च आली होती.

पण इथेच सगळे फसतात. समजा तुम्ही ८६३३ मूळ धरली असती. गुणाकार? जुळला असता. ११ ची बाकी? जुळली असती. म्हणजे हा पडताळा भाग देताना झालेली चूक पकडतो, पण अवयव अर्धवट राहिल्याची चूक पकडूच शकत नाही. म्हणून दुसरा पडताळा वेगळा घ्यायचा: यादीतला *प्रत्येक* अवयव मूळ आहे का? ८९ चं वर्गमूळ ९.४, म्हणून २, ३, ५, ७ बघायचे. ९७ चं ९.८, तेच चार बघायचे. दोन्ही मूळ. आता कुठे लिहायचं:

५६५६३४१६ = २^३ × ३^२ × ७ × १३ × ८९ × ९७

## टप्पा ७: आता सूत्रं

विभाजक किती: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार. ४ × ३ × २ × २ × २ × २ = १९२. यात १ आणि ती संख्या स्वतः दोन्ही धरलेत. घातांक १ असतो तो लिहिलेला नसतो म्हणून विसरला जातो, त्याचेही २ होतात.

विभाजकांची बेरीज: प्रत्येक मूळ संख्येच्या घातांची बेरीज घेऊन गुणाकार. २ साठी १+२+४+८ = १५, ३ साठी १+३+९ = १३, मग ८, १४, ९०, ९८. गुणाकार १९,२६,२८,८००. नेहमीची चूक म्हणजे २ साठी (१+२) चा घन करणं, त्याचे २७ होतात, १५ नाही. संख्या स्वतः वगळली तर उरलेल्या विभाजकांची बेरीज १३,६०,६५,३८४, जी संख्येपेक्षा मोठी आहे, म्हणजे ही अबंडंट संख्या.

सहमूळ संख्या किती (संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी १ शिवाय एकही विभाजक सामाईक नसलेल्या): प्रत्येक मूळ संख्येचा एक घात कमी करून ठेवा आणि (मूळ संख्या − १) ने गुणा. २^३ चे ४, ३^२ चे ६, मग ६, १२, ८८, ९६. गुणाकार १,४५,९८,१४४.

आता टप्पा ५ मध्ये थांबलेल्या माणसाची उत्तरं बघा. ८६३३ मूळ धरली की विभाजक ९६ येतात (बरोबर अर्धे), बेरीज १८,८५,६६,५६० येते, आणि सहमूळ संख्या १,४९,१६,०९६. तिन्ही उत्तरं अगदी खरी वाटतील अशी आहेत. डोळ्यांना काहीच खटकत नाही, म्हणूनच मी टप्पा ५ वर इतका जोर देतोय.

बाकीचं पटापट. वेगवेगळे मूळ अवयव ६, पुनरावृत्ती धरून ९. प्रत्येक मूळ अवयव एकेकदाच घेतला तर गुणाकार ४७,१३,६१८. संख्येला ४ ने आणि ९ ने भाग जातो, म्हणजे ती वर्गमुक्त (कुठल्याही मूळ संख्येच्या वर्गाने भाग न जाणारी) नाही, त्यामुळे मोबियसचं मूल्य ० (वर्गमुक्त संख्येला मूळ अवयव सम असतील तर ते १, विषम असतील तर −१, बाकी सगळ्यांना ०). इथे "नऊ अवयव, विषम, म्हणून −१" असं लिहितात ते चूक, घातांक २ किंवा जास्त दिसला की थेट शून्य.

## टप्पा ८: वर्गांचे प्रश्न

पूर्ण वर्ग आहे का? शेवटचा अंक ६ चालतो, अंकांची बेरीज ३६ पण चालते, तरी ही वर्ग नाही. या कसोट्या फक्त नाही म्हणू शकतात, हो म्हणू शकत नाहीत. अवयवात ७ चा घातांक १ आहे, विषम, म्हणजे वर्ग नाही. अवयव नसतील तर पूर्णांकी वर्गमूळ काढून परत वर्ग करा: ७५२०^२ = ५६५५०४०० आणि ७५२१^२ = ५६५६५४४१, आपली संख्या मध्येच पडते. मोठ्या संख्येचं वर्गमूळ साध्या कॅल्क्युलेटरवर काढून "पुढे .० आलं, म्हणजे वर्ग" असं कधीही म्हणू नका, तो आकडा गोळाबेरीज केलेला असतो.

दोन वर्गांची बेरीज? ४ ने भागल्यावर बाकी ३ देणाऱ्या मूळ संख्या शोधा, आपल्याकडे ३ आणि ७. या प्रत्येकाचा घातांक सम हवा. ३ चा २ आहे, ठीक. ७ चा १ आहे, म्हणून नाही. एकच बिघडला तरी पुरे. तीन वर्गांची बेरीज? ४ ने जितक्यांदा भाग जातो तितका देऊन उरलेल्याला ८ ने भागल्यावर बाकी ७ येत असेल तरच नाही. आपल्याकडे एकदा भाग जातो, उरतात १४१४०८५४, ८ ने भागल्यावर बाकी ६. म्हणजे हो. चार वर्गांची बेरीज प्रत्येक संख्येची होते, लाग्रांजचं प्रमेय, तिथे तपासायचं काही नाही.

## टप्पा ९: तुकडा फुटतच नाही तेव्हा

आपला तुकडा चार अंकी होता. तो तीस अंकी असेल तर वर्गमूळापर्यंत भाग देणं विसरा. तिथे आधी "मूळ की संयुक्त" एवढंच विचारायचं, कारण हे न फोडता कळतं.

साधी कसोटी: तुकडा क मूळ असेल तर २^(क−१) ला क ने भागल्यावर बाकी १ यायलाच हवी. आपल्या ८६३३ साठी २^८६३२ ची बाकी ७०२० येते. १ नाही, म्हणजे संयुक्त, शंभर टक्के, अवयव एकही माहीत नसताना. (पायथनच्या पॉव फंक्शनला तीन आकडे द्या: २, ८६३२, ८६३३. आधी घात काढून मग बाकी काढायला गेलात तर मोठ्या संख्येला मशीन लटकेल.)

सावधान: बाकी १ आली तर मूळ असं मात्र नाही. ३४१ = ११ × ३१, तरी २^३४० ची बाकी १ येते. म्हणून मिलर-राबिन कसोटी वापरा, ती एक पायरी आत बघते. ३४० = ४ × ८५. २^८५ ची बाकी काढा, ३२ येते. तिचा वर्ग १०२४, त्याची बाकी १. म्हणजे ३२ चा वर्ग १ झाला, पण ३२ स्वतः १ पण नाही आणि −१ (म्हणजे बाकी ३४०) पण नाही. मूळ संख्येच्या बाबतीत असं होऊच शकत नाही, म्हणून ३४१ पकडली गेली. ३,२१,५०,३१,७५१ पेक्षा लहान संख्येला २, ३, ५, ७ या चार पायांवर (म्हणजे वर जिथे २ घेतला तिथे आळीपाळीने या संख्या घेऊन) ही कसोटी पास झाली तर ती नक्की मूळ असते, आणि २^६४ च्या आतल्या संख्यांना ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या पुरतात.

संयुक्त निघाला तर तो टूलकडे द्या, हाताने झुंजू नका. पारी-जीपी, पायथनचं सिमपाय, लिनक्समधली फॅक्टर कमांड, वीस-तीस अंकांना कुठलंही चालेल. प्रत्येक संख्या फुटते असं मात्र समजू नका. दोन मोठ्या मूळ संख्यांचा मुद्दाम केलेला २५० अंकी गुणाकार, आरएसए-२५०, फोडायला २०२० साल उजाडलं आणि त्याला असंख्य कॉम्प्युटर एकत्र लावावे लागले.

आणि फुटला नाही तरी हातात काहीच नाही असं नसतं. समजा आपण १९ पर्यंतच तपासलंय आणि ८६३३ संयुक्त आहे एवढंच कळलंय. तिचा कुठलाही मूळ अवयव आता किमान २३ असणार, आणि २३^३ = १२१६७, जे ८६३३ पेक्षा मोठं आहे, म्हणजे तीन अवयव मावतच नाहीत. म्हणून अवयव नेमके दोन. वर्ग नाही, म्हणून दोन्ही वेगळे. म्हणून तुकड्याचे विभाजक ४, आणि पूर्ण संख्येचे ४ × ३ × २ × २ × ४ = १९२. ८९ आणि ९७ ही नावं कळायच्या आधीच विभाजकांची संख्या पक्की मिळाली!

विभाजकांची बेरीज आणि सहमूळ संख्या मात्र अशा मिळत नाहीत, त्यांना खरे अवयवच लागतात. तेव्हा उत्तर लिहिताना तुकडा वेगळा दाखवा, "२^३ × ३^२ × ७ × १३ × (८६३३, संयुक्त, दोन मूळ अवयव, १९ पर्यंत तपासलं)" असं, आणि बेरजेची जागा रिकामी सोडा.